अभ्यासवर्गाचा हिशेब न्यायाने कसा मांडावा?



गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आपल्या कार्याच्या समितीची वार्षिक बैठक भरली. प्रार्थना झाली, अहवाल वाचून झाले, आणि मग आमच्या खजिनदारांनी एक कागद सर्वांपुढे ठेवला. ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत आणि त्यांचा हिशेब नेहमी चोख असतो. सातपुड्याच्या पायथ्यापासून वरच्या पाड्यांपर्यंत आपले नऊ अभ्यासवर्ग चालतात, हे आपणास ठाऊक आहेच. प्रत्येक वर्गाचा वर्षाचा खर्च आणि वार्षिक परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांची संख्या असे दोन आकडे घेऊन त्यांनी सरळ भागाकार केला होता. रकान्याचे नाव होते ‘एका यशस्वी मुलामागे खर्च’. सर्वांत कमी खर्चाचा म्हणून पहिला क्रमांक मिशनच्या आवारातल्या वर्गाचा होता. तो वर्ग मी स्वतः पाहते. सर्वांत शेवटी नदीपलीकडच्या पाड्यावरचा वर्ग होता.

खजिनदार म्हणाले, “ताई, माझा कोणावर राग नाही. पण हा पैसा मंडळ्यांच्या दानार्पणाचा आहे. त्यात गरीब विधवेची दमडीही आहे. जिथे एका मुलामागे इतका खर्च होतो, तो वर्ग बंद करून तोच पैसा दुसरीकडे वापरला तर जास्त मुलांचे भले होणार नाही का?”

बैठकीत शांतता पसरली. नदीपलीकडची आमची ताई शेवटच्या खुर्चीवर मान खाली घालून बसली होती. ती मावची बोलणाऱ्या घरातली, बारावी शिकलेली मुलगी आहे. मला तिची बाजू घ्यायची होती, पण “तिथली परिस्थिती कठीण आहे” यापलीकडे मला काही सांगता येईना. शेवटी अध्यक्ष पाळकसाहेबांनी निर्णय पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला आणि शिक्षणाच्या कामाची कार्यक्षमता नीट कशी मोजतात, याचा अभ्यास करण्याचे काम माझ्यावर सोपवले. मी ईशज्ञानाची पदविका घेतलेली बाई. संख्याशास्त्र माझा विषय नव्हे. तरी खजिनदारांच्या मदतीने जे समजले, ते आपणापुढे ठेवते. कारण आपणही दरवर्षी आमचे अहवाल वाचता आणि त्यातले आकडे पाहून मनाशी काही ठरवता.

प्रश्न योग्यच होता

पहिली गोष्ट ही की खजिनदारांचा प्रश्न अश्रद्धेचा नव्हता. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूनेच लूक १४ मध्ये सांगितले आहे. सेवाकार्य आहे म्हणून हिशेब विचारू नये, असे म्हणणारा कारभारी विश्वासू नव्हे. चूक होती ती भागाकारात. वर फक्त खर्च होता, खाली फक्त गुण होते, आणि मुलाने कुठून सुरुवात केली याला त्यात जागाच नव्हती.

ही चूक मोठमोठ्या सरकारांनीही केली आहे. शाळेला पैसा, पुस्तके, इमारत दिली की निकाल सुधारेल, असे पूर्वी सर्रास धरले जाई. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली एक मोठी पाहणी झाली. सुमारे चार हजार शाळांतील सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी तिच्यात होते. १९६६ साली अहवाल आला तेव्हा अनेकांना धक्का बसला. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा त्यांच्या घरच्या परिस्थितीशी अधिक जोडलेला दिसला. याचा अर्थ शाळा निरुपयोगी आहे असा नाही. अर्थ इतकाच, की नुसते शेवटचे गुण पाहिले तर आपण शाळेचे काम मोजत नाही, घराची पुण्याई मोजतो.

आपल्या भागात हे किती खरे आहे पाहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती. नंदुरबार जिल्ह्याची ६४ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. आवारातल्या माझ्या वर्गात दवाखान्यातल्या नर्सची, शिक्षकाची, ड्रायव्हरची मुले येतात. घरी वीज आहे, वर्तमानपत्र येते, आई शुद्धलेखन तपासते. नदीपलीकडे मूल पहिलीत जाते तेव्हा मराठी ही त्याला जवळजवळ परकी भाषा असते. पुस्तकातला ‘पाऊस’ समजायच्या आधी त्याला ती भाषा शिकावी लागते. आणि दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, सोबत मुलेही जातात. ती परत येतात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते.

दृष्टांतातला हिशेब

हे सर्व वाचत असताना मला मत्तय २५ मधला दृष्टांत आठवला. तो मी शब्बाथ शाळेत कितीदा तरी शिकवला आहे, पण हिशेबाच्या दृष्टीने कधी पाहिला नव्हता. परदेशी जाणाऱ्या धन्याने एका दासाला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक अशा रकमा ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे सोपवल्या. पहिल्याने पाचाचे दहा करून आणले, दुसऱ्याने दोनाचे चार.

आमच्या बैठकीतल्या कागदासारखा नुसता शेवटचा आकडा पाहिला असता तर दहावाला पहिला आणि चारवाला निम्म्याहूनही खाली. पण धन्याने दोघांना सारखीच शाबासकी दिली. त्याने हातात आलेले आणि हातात दिलेले यांचे प्रमाण पाहिले, आणि दोघांचेही प्रमाण दुप्पट होते. तिसऱ्याचा दोष त्याच्याकडे कमी होते हा नव्हता; जे होते ते त्याने पुरून ठेवले, हा होता.

शिक्षणाची कार्यक्षमता मोजणाऱ्या पद्धतींचा गाभा इतकाच आहे. काय घातले, काय निघाले, आणि तेवढ्याच सामग्रीत दुसऱ्या कोणी किती काढून दाखवले.

सीमारेषेची पद्धत

हे गणितात पहिल्यांदा नीट मांडले ते मायकेल फॅरेल या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने, १९५७ साली. त्याचा मुद्दा असा : एखाद्याने किती उत्पादन करायला हवे हे पुस्तकातल्या आदर्शावरून ठरवू नका. तशाच कामातल्या सर्वोत्तमांनी प्रत्यक्ष काय करून दाखवले त्याची सीमारेषा काढा आणि बाकीचे तिच्यापासून किती मागे आहेत ते पाहा. त्याने उदाहरण घेतले होते अमेरिकेतल्या शेतीचे. ते शाळेपर्यंत पोहोचले ते गरीब मुलांच्या एका कार्यक्रमामुळे.

अमेरिकेत १९६५ मध्ये गरीब घरच्या लहान मुलांसाठी हेड स्टार्ट हा शाळापूर्व कार्यक्रम सुरू झाला. त्याचा लाभ पुढे टिकावा म्हणून त्याच दशकाच्या अखेरीस बालवाडी ते तिसरीच्या मुलांसाठी फॉलो थ्रू हा कार्यक्रम निघाला. तो किती कार्यक्षम आहे याचा अभ्यास एडवर्डो ऱ्होड्स हा कार्नेगी मेलन विद्यापीठाचा संशोधक विद्यार्थी करत होता. नेहमीच्या पद्धतींनी उत्तरे नीट येईनात. तेव्हा त्याने फॅरेलचा लेख आपले मार्गदर्शक विल्यम कूपर यांच्यापुढे ठेवला. कूपर, त्यांचे सहकारी अब्राहम चार्न्स आणि ऱ्होड्स या तिघांनी १९७८ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली, तिला डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस म्हणतात. सर्व ठिपक्यांना बाहेरून वेढणारी रेषा, म्हणून हे नाव.

या तिघांनी फॉलो थ्रूच्या अभ्यासात काय काय मोजले, ते वाचून मला भरून आले. १९८१ च्या त्यांच्या लेखात ७० ठिकाणांच्या शाळा आहेत. ४९ कार्यक्रमातल्या आणि २१ बाहेरच्या. ‘घातलेले’ म्हणून त्यांनी आईचे शिक्षण, घरातल्या व्यक्तीचा व्यवसाय, पालकांच्या शाळेतल्या भेटी, पालक मुलाच्या अभ्यासासाठी देत असलेला वेळ आणि शिक्षकांची संख्या धरली. ‘मिळालेले’ म्हणून वाचन आणि गणित तर होतेच, पण तिसरी गोष्ट होती मुलाचा आत्मसन्मान. पाड्यावरचे मूल पाहुण्यांसमोर उभे राहून आपले नाव स्पष्ट सांगते, हेही शिक्षणाचे फळ आहे, आणि तेही हिशेबात धरता येते.

आता ही पद्धत चालते कशी? समजण्यासाठी सोपे, मनाने घेतलेले आकडे घेऊ. तीन अभ्यासवर्ग आहेत : अ, ब आणि क. दोन फळे मोजायची आहेत. एक, वर्षात वाचनाची एक पायरी वर चढलेली मुले. दोन, स्थलांतर टळून वर्षभर शाळेत टिकलेली मुले. दर दहा हजार रुपयांमागे ‘अ’ची १२ मुले पायरी चढली आणि ४ टिकली. ‘ब’ची ४ चढली आणि १२ टिकली. ‘क’ची ६ चढली आणि ६ टिकली.

नुसते वाचन पाहिले तर क्रम लागतो अ, क, ब. म्हणजे ‘ब’ शेवटचा आणि तो बंद करायचा! पण आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर वाचन आणि उभ्या रेषेवर टिकलेली मुले घेऊन तीन ठिपके मांडा. ‘अ’ आणि ‘ब’ यांना जोडणारी रेषा काढली की ‘क’ तिच्या आत पडतो. निम्मा पैसा ‘अ’च्या रीतीने आणि निम्मा ‘ब’च्या रीतीने वापरला असता तर त्याच दहा हजारांत ८ मुले पायरी चढली असती आणि ८ टिकली असती. ‘क’ने सहा-सहा केली. आठातले सहा, म्हणजे ७५ टक्के. वाचनाच्या यादीत मध्ये सुखाने बसलेला ‘क’ खरा मागे आहे, आणि शेवटचा वाटणारा ‘ब’ सीमारेषेवर उभा आहे.

यातली न्यायाची गोष्ट पाहा. वाचनाला किती महत्त्व द्यायचे आणि टिकण्याला किती, हे वरून कोणी ठरवलेले नाही. प्रत्येक वर्गाला आपली बाजू जास्तीत जास्त चांगली दिसेल असे वजन निवडायची मुभा आहे. अट एकच : तेच वजन इतरांना लावले तर कोणीही शंभर टक्क्यांच्या वर जाता कामा नये. इतकी मुभा देऊनही ‘क’ ७५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. म्हणून त्याला “माझे मोजमापच चुकीचे घेतले” असे म्हणता येत नाही.

चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी आणखी एक भेद केला. एखादी योजनाच कमकुवत आहे, की योजना बरी असून त्या ठिकाणी ती नीट राबवली जात नाही, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले. त्यासाठी दोन्ही गटांच्या सीमारेषा आधी वेगवेगळ्या काढल्या आणि मग परस्परांशी ताडून पाहिल्या. फॉलो थ्रूची रीत बाहेरच्या शाळांपेक्षा सरस आहे, असा पुरावा त्यांना मिळाला नाही आणि तसे त्यांनी लिहिलेही. कार्यक्रम गरिबांसाठी होता म्हणून निष्कर्ष गोड केला नाही. हा प्रामाणिकपणा आपण सेवाकार्यातल्या लोकांनी शिकण्यासारखा आहे.

नशीब, चूक आणि तुलना

या पद्धतीत एक उणीव आहे. एखाद्या वर्गाचे एखादे वर्ष नशिबाने चांगले गेले तर तोच सीमारेषा ठरवतो आणि इतर विनाकारण मागे दिसतात. एखाद्या वर्षी पाड्यावर काविळीची साथ आली, पुरात पूल गेला, शिक्षिका बाळंतपणासाठी माहेरी गेली, तर तो आळस नव्हे. म्हणून १९७७ साली संशोधकांच्या दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, स्टोकॅस्टिक फ्रंटियर अ‍ॅनालिसिस ही दुसरी पद्धत मांडली. ती मागे पडण्याचे दोन भाग करते : एक नशिबाचा व मोजण्यातल्या चुकीचा, जो कधी वर जातो कधी खाली, आणि दुसरा खऱ्या ढिलाईचा, जो नेहमी खालीच ओढतो. त्यासाठी मात्र खूप ठिकाणांची माहिती लागते. नऊ वर्गांवर ती चालत नाही. आमच्यासारख्यांनी त्यातून एवढेच घ्यावे, की एका वर्षाच्या आकड्यावरून कोणाचा वर्ग बंद करू नये.

तिसरी रीत म्हणजे चिठ्ठी टाकून तुलना. तिचे नामांकित उदाहरण आपल्या मुंबईतले आहे. प्रथम या संस्थेने मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिकेच्या शाळांत बालसखी उपक्रम चालवला होता. वस्तीतलीच शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळात दोन तास वेगळे बसवून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून त्याची तपासणी केली. कोणत्या शाळेत बालसखी तिसरीला मिळेल आणि कोणत्या शाळेत चौथीला, हे चिठ्ठीसारखे नशिबावर ठेवले, म्हणजे तुलना सारख्याशी सारख्याची होईल. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बालसखी मिळालेल्या वर्गांचे गुण वाढले आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला. वडोदऱ्यात संगणकावर गणिताचे खेळ देण्याचा प्रयोगही झाला. त्याने गणितात मोठी वाढ दिली, पण खर्च बराच जास्त होता. रुपयामागे हिशेब केला तर बालसखीच पुढे ठरली. परिणाम मोठा असणे आणि पैशाच्या मानाने परिणाम मोठा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट दिसते. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते याच रीतीच्या प्रयोगांसाठी.

आमचे नऊ ठिपके

मग आम्ही काय केले ते सांगते. सीमारेषेच्या पद्धतीत एक ढोबळ नियम आहे : जितक्या गोष्टी मोजाल, त्याच्या निदान तिप्पट ठिकाणे हवीत. नाहीतर प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या गोष्टीत पहिले येता येते आणि सगळेच शंभर टक्के ठरतात. आमचे वर्ग नऊ, म्हणून आम्हाला तीनच गोष्टी घेता आल्या : खर्च, वाचनाची चढलेली पायरी आणि टिकलेली मुले.

वाचनासाठी ‘असर’च्या पाहणीत २००५ पासून वापरतात तशी साधी रीत घेतली. मुलाला एकट्याला शेजारी बसवायचे आणि अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, मग गोष्ट असे क्रमाने वाचायला द्यायचे. जूनमध्ये प्रत्येक मुलाची पायरी लिहून ठेवली आणि मार्चमध्ये पुन्हा पाहिली. टिकलेल्या मुलांत मात्र ज्या घरांतून स्थलांतर होते त्यांचीच मुले मोजली.

एका संध्याकाळी खजिनदार आणि मी आलेखाचा कागद घेऊन बसलो. नदीपलीकडचा ठिपका सीमारेषेवर आला. तिथला खर्च जास्त का, तेही तेव्हाच उलगडले. ताई दिवाळीआधी घरोघरी जाते, मुलांना आजीजवळ ठेवायला आईबापांना राजी करते आणि त्या मुलांना संध्याकाळी वर्गात डाळभात देते. आमच्या जुन्या कागदावर तो डाळभात नुसता खर्च म्हणून उभा होता. त्यामुळे टिकलेली मुले कुठल्याच रकान्यात नव्हती.

मला आनंद झाला. पण तो फार वेळ टिकला नाही, कारण सीमारेषेपासून सर्वांत आत पडलेला ठिपका माझ्या वर्गाचा होता. जूनमध्ये गोष्ट वाचणारी माझी मुले मार्चमध्येही गोष्टच वाचत होती.

मी लगेच वाद घातला. म्हटले, “त्या कागदाला गोष्टीपुढे पायरीच नाही, मग माझी मुले चढणार कुठे?” मुद्दा खरा होता आणि खजिनदारांनी तो मानला. यंदा आम्ही माझ्या मुलांना वरच्या इयत्तांचे उतारे आणि शाब्दिक उदाहरणे दिली, जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर. थोडी वाढ दिसली, पण दोन शिक्षिका, पक्की खोली आणि वीज यांच्या मानाने ती फारच थोडी. इतकी वर्षे मी घराची पुण्याई स्वतःच्या अहवालात लिहीत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दृष्टांतातला तिसरा दास मी नेहमी दुसऱ्या कोणात तरी पाहत आले होते.

त्यानंतरच्या बैठकीत समितीने ठरवले की नदीपलीकडचा वर्ग चालू राहील. माझ्या वर्गातल्या दोन शिक्षिकांपैकी एक जूनपासून वरच्या पाड्यावर नवा वर्ग सुरू करील. तिला सोडताना मला जड गेले, हे मी लपवत नाही.

आकडे काय सांगत नाहीत

काही सावधगिरीच्या गोष्टीही लिहिणे माझे कर्तव्य आहे. सीमारेषा आपल्यातल्या सर्वोत्तमाशी तुलना करते. सगळेच मंद असतील तर मंदांतला पहिलाही शंभर टक्के दिसतो. मोजमाप सुरू झाले की मोजले जाते तेवढेच शिकवण्याचा मोह होतो. सर्वांत मोठा मोह प्रवेशाचा. वसतिगृहात किंवा वर्गात आधीच हुशार असलेली मुले निवडली की कार्यक्षमता कागदावर झटकन वाढते, आणि ज्यांच्यासाठी हे कार्य आहे ती मुले दारातूनच परत जातात. म्हणून यंदापासून आमच्या अहवालात किती मुलांना प्रवेश नाकारला आणि किती मधूनच सोडून गेली, हेही छापले जाईल.

आणि शेवटी, मोजमाप आपल्याला नीट काम करायला शिकवते; कोणासाठी काम करायचे हे ते ठरवत नाही. नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकामागे जाणारा मेंढपाळ कुठल्याच आलेखावर कार्यक्षम ठरणार नाही. तरी प्रभूने आपल्यापुढे ठेवला तो तोच. मात्र त्या एका मेंढरामागे जातानाही वाट नीट पाहून चालावे, उगाच भटकत वेळ घालवू नये, इतके हिशेबाचे काम आहे.

तेव्हा, प्रिय बंधुभगिनींनो, आमचा किंवा कोणत्याही सेवाकार्याचा अहवाल हाती आला की तीन गोष्टी अवश्य विचारा. मुलांनी सुरुवात कुठून केली? कोण मधेच गळले? आणि तशाच परिस्थितीत, तेवढ्याच पैशात, दुसऱ्या कोणी अधिक केले आहे का? असे प्रश्न विचारल्याने आम्हाला वाईट वाटणार नाही. पहिल्या बैठकीत खजिनदारांनी तो कागद ठेवला नसता, तर नदीपलीकडच्या ताईचे काम आम्हा कोणालाच नीट दिसले नसते.

दिवाळी होऊन गेली आहे. मुकादमांच्या गाड्या पाड्यांवर येऊन गेल्या. नदीपलीकडे मागे राहिलेली मुले आजीच्या कुशीत झोपतात आणि संध्याकाळी वर्गात येतात. त्यांच्यासाठी, त्यांच्या ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या सुखरूप परत येण्यासाठी, आणि वरच्या पाड्यावर जाणाऱ्या आमच्या शिक्षिकेसाठी आपल्या उपासनेत आणि कौटुंबिक प्रार्थनेत आठवण ठेवावी, ही नम्र विनंती.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वादित करो.